ताई, सगळी खेळणी एकदम काढू नका

नाशकात सिडको, सातपूर, अंबडच्या बाजूला घरातच पाळणाघर चालवणाऱ्या ताईंना एक कळकळीची विनंती आहे. खेळण्यांची गोणी मुलांपुढे एकदम ओतू नका. एवढ्याशा खोलीत आठ मुलं आणि मध्ये तो ढीग असला की मूल कशातच रमत नाही. एक उचलतं, फेकतं, दुसऱ्याच्या हातातलं ओढतं. संध्याकाळी आवरताना तुमची कंबर मोडते ती वेगळीच.

अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये याच विषयावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना त्यांनी एकदा 4 खेळणी दिली, एकदा 16. चारच असताना मुलं एकेका खेळण्यात जास्त वेळ रमली आणि त्याच्याशी जास्त तऱ्हांनी खेळली.

द्राक्षाच्या हंगामात नाशकात पुठ्ठ्याची खोकी सहज मिळतात. तीन-चार आणा, खेळणी वाटून भरा. एक खोकं खाली, बाकीची माळ्यावर, आणि आठवड्याला अदलाबदल. महिन्याने खाली आलेलं जुनं खोकंही मुलांना नवं वाटतं. खोक्यावर आतल्या वस्तूंची चित्रं चिकटवा, म्हणजे वाचता न येणारं मूलही आवरू लागतं. नुसतं ‘आवरा रे’ म्हणून त्यांना काही कळत नाही; ‘ठोकळे या खोक्यात टाक’ म्हटलं की लगेच कळतं. दोन वर्षांच्या मुलाकडून वाटून घेण्याची अपेक्षा ठेवू नका. एका महागड्या गाडीऐवजी दोन सारख्या साध्या गाड्या घ्या, निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

पैसा फार लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बालवाडी चालवली ती शिंपले, बिया, पानं, खडे अशा आसपासच्या वस्तूंवर. फक्त तीन वर्षांखालची मुलं असतील तर चिंचोके, मणी, खडे त्यांच्या हाती लागू देऊ नका, घशात अडकतात.

पुस्तकांच्या बाबतीत मात्र माझं म्हणणं उलट आहे. ती कपाटावर ठेवू नका, मुलांच्या हाताशी ठेवा, मुखपृष्ठ दिसेल अशी उभी. फाटतील, फाटू द्या. फाटलेलं पान त्याच मुलाला शेजारी बसवून चिकटवा. कणकेची पातळ खळ, पातळ कागदाची पट्टी, आणि पट्टी दाबायचं काम त्याच्या बोटांना. रागावण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो. एकच पुस्तक दहादा वाचायला लावलं तर वाचा. लहान मुलांना तेच हवं असतं.

कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमात पुस्तकांच्या पेट्या वाचकगटांमध्ये फिरतात. आपल्याच शहरातली ही रीत जवळपासच्या तीन-चार पाळणाघरांनी उचलावी. प्रत्येकीने थोडी चित्रपुस्तकं घ्यायची आणि दर महिन्याला पेटी पुढच्या घरी द्यायची.

आईबाबांनो, वाढदिवसाला पाळणाघरात आवाज करणारं खेळणं पाठवण्याऐवजी या पेटीसाठी एक पुस्तक द्या. खेळणंच द्यायचं असेल तर आयएसआय खूण बघून घ्या. 1 जानेवारी 2021 पासून ती सक्तीची आहे. बटणासारखी चपटी बॅटरी असलेलं खेळणं तर देऊच नका. ती गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, तेव्हा नुसती शंका आली तरी वाट न बघता मुलाला थेट दवाखान्यात न्या.