उडते ते पाणी, उरते ते मीठ

इंदूर-ग्वाल्हेरकडील कोरड्या उन्हाळ्यात दिवाणखान्यातल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीची पातळी रोज थोडी थोडी खाली जाते. मग पुष्कळ मंडळी मीठ कालवलेले पाणी घालून ती भरून काढतात. मासे समुद्रातले, तेव्हा पाणीही खारेच हवे, हा विचार वरवर सयुक्तिक वाटतो. परंतु माशांच्या जिवावर बेततो तो हाच.

गोव्याच्या मिठागरांत काय घडते ते आपण जाणतोच. ऊन पाणी उडवून नेते, मीठ मागे राहते. पेटीतही तेच घडते. १०० लिटर पाण्यात सुमारे ३.५ किलो मीठ असते. त्यातले १० लिटर पाणी उडाले, तर उरलेल्या ९० लिटरांत मीठ तेवढेच राहते. लिटरमागे ३५ ग्रॅमांचे जवळजवळ ३९ होतात. वर १० लिटर खारे पाणी ओतले, की आणखी ३५० ग्रॅमांची भर पडते.

म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई गोड्या पाण्यानेच करावी, असे आम्ही आग्रहाने सांगू. डिस्टिल्ड किंवा आर.ओ.चे पाणी उत्तम. काचेवर रेघ आखावी आणि रोज तिथवर सावकाश पाणी घालावे. जुने पाणी काढून बदलताना मात्र खारेच घ्यावे.

सुटीत गावी जाताना शेजाऱ्यांकडे किल्लीबरोबर रोजच्या मापाच्या भरलेल्या बाटल्याही ठेवाव्यात. पाणी खारट झाले, हे मुक्या जिवांना सांगता येत नाही. ते आपणच ओळखावयाचे असते.