बाळ रडलं नाही, तर?

जन्मल्यावर बाळ रडलं नाही, तर पहिलं मिनिट निर्णायक ठरतं. तेव्हा व्हेंटिलेटर लागत नाही. लागते हाताने दाबायची पिशवी, बाळाच्या मापाचा मास्क आणि तो वापरता येणारी नर्स. प्रसूती होणाऱ्या प्रत्येक सरकारी केंद्रात ही सोय असावी, असं सरकारचेच निकष सांगतात. त्यापुढे ग्रामीण रुग्णालयात ऑक्सिजन, तर जिल्हा रुग्णालयात आजारी नवजातांचा खास कक्ष, म्हणजे एसएनसीयू. तिथे सीपॅप असेल, तर नाकावाटे दाबाने हवा देऊन बाळाची फुफ्फुसं उघडी ठेवता येतात.

पण यंत्राशेजारी माणूस हवा. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ऑक्सिजन जास्त झाला, तर डोळ्यांचा पडदा बिघडू शकतो. आणि भंडारा? ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे अशाच कक्षाला आग लागली, १० बाळं गेली.

मोहल्ल्यात अजूनही दागिने गहाण ठेवून खासगी ‘काचेची पेटी’ शोधली जाते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजाताचे सरकारी उपचार आणि तिथवरची गाडी मोफत आहे, हे घरी कुणी सांगितलेलंच नसतं. दोस्तांनो, ते सांगा. आणि आपल्या ग्रामीण रुग्णालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका: रात्रपाळीला पिशवी-मास्क वापरता येणाऱ्या नर्स किती? कक्षाची अग्निसुरक्षा तपासणी शेवटची कधी झाली?