किटबॅगेतल्या बॅटला तेल कोण लावणार?

सीझन तोंडावर आला की कुठल्याही कॉलेजच्या ग्राउंडवर एक सीन ठरलेला. कुणीतरी नवी बॅट आणलेली असते. प्लॅस्टिकचं कव्हर निघायच्या आधी तिची स्टोरी पडते. मग सगळे गोळा होतात. ग्रेन किती, वजन किती, पिकअप कसा, स्टिकर कुणाच्या बॅटसारखा. एक जण हवेत दोन कव्हर ड्राइव्ह मारून बघतो, दुसरा बोटांनी टकटक करून ‘भारी पिंग आहे’ असं सर्टिफिकेट देतो. या गर्दीत तुम्ही फक्त एवढंच विचारा, ‘तेल लावलंस का?’ उत्तर बहुतेक वेळा एकच मिळेल. ‘अरे, रेडी टू प्ले आहे. दुकानदारानं सांगितलंय.’

माझं म्हणणं सरळ आहे. बॅट निवडायला आपण तीन रविवार घालवतो आणि तिची काळजी घ्यायला तीन तासही देत नाही. आणि याचा फटका बॅटच्या मालकाला कमी, ज्याच्याकडे स्वतःची बॅटच नाही त्याला जास्त बसतो. तिकडे येतेच, पण आधी लाकडाबद्दल बोलू.

बॅट विलोचीच का? कारण हे लाकूड हलकं असतं, मऊ असतं आणि दाबल्यावर मरत नाही, उलट चेंडूला परत ढकलतं. दुसरे प्रयोग झाले नाहीत असं नाही. डिसेंबर 1979 मध्ये पर्थच्या कसोटीत डेनिस लिली ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला होता. चेंडू खराब होतो म्हणून इंग्लंडचा कॅप्टन माइक ब्रेअर्ली वैतागला आणि पुढे पातं लाकडाचंच हवं, हे नियमात आलं. 2021 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी बांबूची बॅट करून दाखवली. एमसीसीनं सांगितलं, बांबू हे गवत आहे, लाकूड नाही, सध्याच्या नियमात बसत नाही. म्हणजे फिरून फिरून आपण विलोपाशीच.

आणि विलो काही रात्रीत उगवत नाही. इंग्लंडमध्ये एसेक्स, सफोकच्या ओलसर जमिनीत हे झाड पंधरा-वीस वर्षं वाढतं, मग कापलं जातं. त्याचे तुकडे जहाजातून मेरठ, जालंधरला येतात आणि तिथं बॅट घडते. काश्मीर विलोचं गाव म्हणजे अनंतनाग जिल्ह्यातलं संगम, हलमुल्ला. तिथल्या रस्त्याकडेला लाकडाच्या फळ्यांचे थर सुकत ठेवलेले दिसतात. तिथले कारागीरही आता विलोची झाडं कमी होत चालल्याची काळजी बोलून दाखवतात. इंग्लिश विलोचे भाव तर तुम्हाला माहीतच आहेत. बऱ्यापैकी बॅट घ्यायची तर दहा हजारांच्या पुढची तयारी ठेवावी लागते. म्हणजे आपल्याएवढं, निदान आपल्या धाकट्या भावाएवढं वय असलेलं झाड आपण एका सीझनमध्ये चिरून मोकळे होतो. कारण काय, तर चमचाभर तेल.

तेल कुठलं, यावरून ग्राउंडवर जेवढी भांडणं ऐकलीत तेवढी ओपनिंगला कोण जाणार यावरूनही नसतील. कुणी खोबरेल सांगतो, कुणी मोहरीचं. डोक्याला लावायचं ते डोक्यालाच राहू द्या. खोबरेल तेल कधीच वाळत नाही, लाकडात तसंच पातळ राहतं आणि बॅट नुसती जड होते. बॅटला लागतं ते जवसाचं तेल. हो, तीच जवस, जिची चटणी आजी भाकरीबरोबर वाढते. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. वरच्या तंतूंना लवचिक ठेवतं आणि लाकडातली ओल चटकन उडू देत नाही. पूर्ण कोरडी पडलेली विलो ठिसूळ होते आणि ठिसूळ लाकूड पहिल्या यॉर्करला उत्तर देतं ते तडा जाऊनच.

पण दुकानात नीट बघून घ्या. रंगाच्या दुकानात ‘लिनसीड ऑईल’ मागितलं की बऱ्याचदा ‘डबल बॉइल्ड’ची बाटली हातात पडते. ते दारं-खिडक्यांसाठी असतं. पटकन वाळावं म्हणून केलेलं असतं, त्यामुळे आत मुरण्याआधी वरच पापुद्रा धरतं. आपल्याला कच्चं हवं, बाटलीवर ‘रॉ’ लिहिलेलं. खेळाच्या दुकानात बॅट ऑईल म्हणून मिळतं ते बहुतेक हेच. एक छोटी बाटली अख्ख्या टीमला सीझनभर पुरते, खर्च दोन दिवसांच्या वडापाव-कटिंगएवढा.

लावायचं कसं? कमी. खरंच कमी. बॅटच्या तोंडावर चहाचा एक चमचा पुष्कळ झाला. मऊ फडक्यानं किंवा बोटांनी पातळ पसरायचं. पुढची बाजू, दोन्ही कडा, टो आणि उरलंसुरलं मागच्या बाजूला. दांडा जिथं इंग्रजी व्हीच्या आकारात पात्यात घुसतो त्या सांध्याला तेल लावायचं नाही, तिथला गोंद सुटू शकतो. स्टिकरवर लावायचं नाही. मग बॅट रात्रभर आडवी ठेवायची, तोंड वर. भिंतीला टेकवून उभी ठेवली की सगळं तेल खाली टोमध्ये उतरतं. दुसऱ्या दिवशी जे मुरलं नसेल ते पुसून घ्यायचं आणि नवी बॅट असेल तर आणखी एक-दोन हात द्यायचे. ‘जास्त लावलं तर जास्त टिकेल’ हा हिशोब इथं चालत नाही. तेल पिऊन फुगलेली बॅट जड होते आणि तिचा तो प्रसिद्ध पिंग जातो. काही कारागीर शेवटी मधमाश्यांचं मेण चोळतात, त्यानं वरून चकाकी येते आणि सकाळच्या दवापासून थोडं संरक्षण मिळतं. पण मेण पृष्ठभागावर बसतं. ते तेलाच्या जागी चालणार नाही.

बॅटवर पारदर्शक शीट किंवा पॉलिश कोटिंग असेल तर त्यावर तेल ओतून काही उपयोग नाही, आत जायला वाटच नसते. तेव्हा जिथं लाकूड उघडं आहे तेवढ्यालाच द्यायचं. शीट नियमात बसते, एक मिलिमीटरपर्यंत जाडीचं आवरण चालतं. तरी ती लावण्याआधी नॉकिंग पूर्ण करा. शीटखाली काय चाललंय हे नंतर दिसत नाही.

नॉकिंग. इथं सगळ्यांची दांडी असते. कारखान्यात बॅटचं तोंड यंत्राखाली दाबलेलं असतं, पण कडा आणि टोकडचा भाग आपल्यालाच तयार करावा लागतो. त्यासाठी लाकडी मॅलेट घ्यायची, सुरुवातीला हळू आणि मग जरा जोरात ठोकत जायचं. कडा तिरक्या ठोकून गोल करायच्या. मॅलेट कडेवर सरळ मारायची नाही, मागच्या बाजूला तर अजिबातच नाही. साधारण सहा तास लागतात असं म्हणतात. ऐकून धडकी भरते, पण 6 तास म्हणजे 360 मिनिटं. रोज 20 मिनिटं धरली तर 18 दिवस. एवढा वेळ आपण एका दिवसात रील्सवर घालवतो, उगाच नावं ठेवत नाही, मीही त्यातलीच आहे. होस्टेलवाल्यांनी फक्त रात्री अकरानंतर ठोकू नये, रेक्टर वर येतात. ‘रेडी टू प्ले’ लिहिलेल्या बॅटलाही तासभर मॅलेट आणि मग जुन्या लेदर बॉलवर थोडे हलके कॅच द्याच. त्या शब्दांचा अर्थ ‘बरंचसं काम झालंय’ एवढाच असतो.

टेनिस बॉल खेळणाऱ्यांनो, तुमच्यासाठी यातलं फारसं काही लागू नाही. रायगड-रत्नागिरीकडे चालणाऱ्या मोठ्या टेनिस टुर्नामेंटमधल्या त्या मागून कोरलेल्या जाड बॅटचं गणितच वेगळं आहे. फक्त एक विनंती, लेदरची बॅट बॉक्स क्रिकेटच्या स्वस्त, दगडासारख्या सिंथेटिक बॉलवर चालवू नका. कडा तिथंच जातात.

आता मूळ मुद्दा. स्वतःच्या बॅटची काळजी माणूस उशिरा का होईना शिकतो, कारण पैसे स्वतःचे किंवा बाबांचे गेलेले असतात. प्रश्न किटबॅगेतल्या बॅटचा आहे. बऱ्याच कॉलेजांत दोन-चार बॅटी कॉमन असतात. त्यांना तेल कोण लावणार? कॅप्टनला वाटतं मॅनेजर बघेल. मॅनेजरला वाटतं सर बघतील. सरांकडे कबड्डीही आहे आणि ॲथलेटिक्सही. मे महिन्यात ती बॅग पत्र्याच्या खोलीत भाजून निघते, पावसाळ्यात तिथंच ओल पिते आणि नेट्सच्या पहिल्या दिवशी टो उकललेला मिळतो. मग ज्याच्याकडे स्वतःची बॅट आहे तो स्वतःची काढतो. आणि जो लातूरहून, नंदुरबारहून आलाय, मेसचे पैसे भरून महिनाअखेरीला मोजून खर्च करतो, तो ती उकललेली बॅट घेऊन उभा राहतो. किंवा मित्राची मागतो आणि कड जाईल या भीतीनं पुलच मारत नाही. सिलेक्शनच्या दिवशी निवडणाऱ्याला दिसतं एवढंच, की हा मुलगा शॉट खेळायला बिचकतो.

म्हणून मला हा प्रश्न हौशी लोकांच्या छंदाचा वाटत नाही. टीममध्ये कुणाला मोकळेपणानं खेळता येतं, याचा तो प्रश्न आहे. आणि उपाय अगदी फुटकळ आहे. दर सीझनला एकाला बॅटचा वाली नेमा. तो बारावा खेळाडू नको, कॅप्टनच असू द्या, म्हणजे कुणाला कमीपणा वाटणार नाही. क्रीडा विभागाच्या मागणीपत्रात बॅटच्या ओळीखाली आणखी दोन ओळी लिहा, एक बाटली कच्चं जवसाचं तेल आणि एक मॅलेट. कॉमन बॅटचं नॉकिंग सगळ्यांनी पाळीपाळीनं करा, वॉर्म-अपनंतर बसल्या बसल्या होतं.

यावर कुणी म्हणेल, बॅट शेवटी तुटतेच. तुटते ना. तेल लावलेल्या बॅटलाही टोवर आलेला यॉर्कर चिरू शकतो. पण बारीक तडा आणि दोन तुकडे यात फरक आहे. तडा वेळेवर दिसला तर गोंद आणि दोऱ्यानं बांधून बॅट पुन्हा उभी राहते. मुंबईचे अश्रफ चौधरी सचिन तेंडुलकर आणि विराट कोहलीच्याही बॅटी दुरुस्त करत. ज्यांना कंपन्या हव्या तेवढ्या बॅटी देतील ते हात लागलेली बॅट टाकून देत नाहीत, आणि आपण टाकतो.

या वीकएंडला किटबॅग उघडाच. आणि हो, तेल लावून झाल्यावर ते फडकं चुरगळून कपाटात कोंबू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं, गोळा करून टाकलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. मोकळ्या हवेत, दोरीवर एकेरी पसरून पूर्ण वाळू द्या, कडक झालं की मग फेका.