आडनाव झाकून पेपर तपासू या

चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळा घ्या, नाहीतर भोसरी-चिखलीकडच्या महापालिकेच्या. गावातल्या सुखवस्तू घरांची मुले सकाळी पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत जातात. आपल्या वर्गात उरतात कंत्राटावर लागलेल्या बिहार-उत्तर प्रदेशच्या कामगारांची मुले, बांधकामावरची लमाण-वडार मुले आणि पालावरून येणारी पारधी मुले.

निकालपत्रक भरताना मागे कोण राहणार, हे आपल्याला आधीच ठाऊक असते. “घरी वातावरणच नाही.” “भय्याची पोरं, होळीला गावी गेली की कधी येतील नेम नाही.” “पालावरची आहेत, शाळेत येतात तेच खूप.” शिक्षकांच्या खोलीत ही वाक्ये सहज बोलली जातात. गरिबी, स्थलांतर, भाषा ही कारणे खोटी नाहीत. घरात भोजपुरी बोलणाऱ्या मुलाला पहिलीच्या मराठी वर्गात किती कळत असेल? पण या कारणांच्या आड आणखी एक कारण दडते आणि ते पूर्णपणे आपल्या हातातले आहे. मूल काय लिहिते याआधी ते कोणाचे आहे, हे आपण पाहतो.

रेमा हॅना आणि ली लिंडन यांचा भारतातल्या शिक्षकांवरचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. उत्तरपत्रिकांच्या पहिल्या पानावर जात चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कशीही लिहिली होती. ‘खालच्या’ जातीची नोंद असलेल्या पेपरांना किंचित कमी गुण पडले. फरक लहान होता, पण तो निव्वळ त्या नोंदीमुळे पडला होता. आणि तो मुख्यतः त्याच जातींतून आलेल्या परीक्षकांच्या तपासणीत दिसला. तेव्हा ‘आमच्यात असले काही नाही’ असे कोणत्याच शिक्षकाने छातीठोकपणे म्हणू नये.

मुलावर काय परिणाम होतो, ते कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत पाहिले. सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी दिली. जात उघड नव्हती तेव्हा दलित आणि सवर्ण मुले बरोबरीने सोडवत होती. सर्वांदेखत नावाबरोबर जात वाचली, तेव्हा दलित मुलांची सुटलेली कोडी कमी झाली. मुले तशीच, कोडी तशीच.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी सांगितले होते की महार-मांगांच्या मुलांना इतरांच्या शेजारी बसू दिले जात नाही. आज बाके एकत्र आहेत, तरी शेवटच्या बाकावर कोण बसते ते आपल्याच वर्गात पाहावे. पारध्यांवर १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण वर्गात पेन हरवले की संशयाची नजर अजून पारध्याच्याच मुलाकडे वळते. हजेरीत पारधी मुलाचे ‘काळे’ हे आडनाव वाचल्यावर “कुठले काळे?” असा प्रश्न येतो, तोही सगळ्यांसमोर. त्या मुलाला पुढचा तास काय शिकता येणार?

चिंचवडगावात गिरीश प्रभुणे यांच्या गुरुकुलात भटक्या-विमुक्तांची मुले शिकत आहेत. त्या कामाबद्दल आम्हाला आदर आहे. पण वेगळी निवासी शाळा आहे, म्हणून नेहमीच्या शाळेची जबाबदारी कमी होत नाही. वयाचा दाखला नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही आणि मानसिक छळास मनाई आहे, हे शिक्षण हक्क कायद्यात २००९ पासून स्पष्ट लिहिलेले आहे.

वाचक शिक्षकांना आमची एक विनंती आहे. यंदाच्या पहिल्या सत्राच्या परीक्षेत पेपरावर फक्त हजेरी क्रमांक लिहून घ्या. शेजारच्या शाळेशी गठ्ठे बदला, त्यांचे तुम्ही तपासा, तुमचे त्यांना द्या. मग ते गुण आपल्या नेहमीच्या गुणांशेजारी मांडा. फरक पडला तर आम्हाला कळवा, न पडला तरी कळवा. शाळेचे नाव न देता आम्ही ते आकडे या पानांवर छापू.