नवा बँड, जुना आवाज

रॉक बँड म्हटलं की आपल्या कॉलेजात दोनच प्रतिक्रिया येतात. एक, "काय तो गोंगाट!" आणि दुसरी, "भाऊ, ते मुंबई-पुण्याचं काम आहे." पहिलीबद्दल शेवटी बोलू. दुसरी मात्र साफ चूक आहे असं माझं ठाम मत आहे.

महाराष्ट्रात हार्ड रॉकचं मोठं नाव मुंबईचंच, हे मान्य. 'रॉक मशीन' हा बँड तिथे १९८४ मध्ये सुरू झाला. गिटारवर महेश तिनईकर, आणि पुढे गायक म्हणून उदय बेनेगल आला. सुरुवातीला हे लोकही दुसऱ्यांचीच गाणी वाजवायचे. स्वतःच्या गाण्यांचा अल्बम आला तो १९८८ मध्ये. म्हणजे चार वर्षांनी. आपला अख्खा बी.ई.चा कोर्स! आणि आपले बँड? गॅदरिंगच्या तीन आठवडे आधी जमतात आणि गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी फुटतात. मग आवाज सापडणार कधी?

शहर लहान असण्याचं कारण तर सांगूच नका. 'गिरीश अँड द क्रॉनिकल्स' हा बँड २००९ मध्ये सिक्कीमच्या गंगटोकमध्ये सुरू झाला. ऐकून बघा, थेट ऐंशीच्या दशकातला हार्ड रॉक वाटतो. २०११ च्या जनगणनेत गंगटोकची लोकसंख्या होती साधारण १ लाख. आपल्या छत्रपती संभाजीनगरची ११ लाखांच्या वर. आता बोला!

"पण तसा आवाज यायला महागडं सामान लागतं." हे तिसरं रडगाणं. आपण इंजिनिअर आहोत ना? मग बघू. तो जुना आवाज म्हणजे काय, तर क्लिपिंग. आजोबांच्या रेडिओत असायचे तसे व्हॉल्व्ह अँप्लिफायरमध्ये असत. सिग्नल वाढला की व्हॉल्व्ह त्याचं टोक हळूहळू गोल करतो, खाडकन कापत नाही. म्हणून तो आवाज जाड आणि उबदार लागतो. इबानेझचं प्रसिद्ध ट्यूब स्क्रीमर पेडल उघडलं तर आत काय? ४५५८ ऑप-अँप आणि फीडबॅकमध्ये उलटसुलट जोडलेले दोन डायोड. सेकंड इयरला ब्रेडबोर्डवर आपण जे करतो, तेच.

आणि खरं सांगायचं तर हा आवाज श्रीमंतीतून आलेलाच नाही. बर्मिंगहॅम हे आपल्या वाळूजसारखंच कारखान्यांचं गाव. तिथे पत्र्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं वयाच्या १७ व्या वर्षी मशीनमध्ये गेली. पोरगा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैल करून खालच्या सुरात लावल्या. 'ब्लॅक सॅबाथ'चा तो जड, काळोखा आवाज तयार होण्यात या जुगाडाचा मोठा वाटा आहे. आपले बँड त्याच रिफची नक्कल करतात, पण त्यामागची गोष्ट विसरतात. हाताशी जे आहे त्यातून तो आवाज निघाला.

आपल्या हाताशी काय आहे? शिफ्टचा भोंगा, वर्कशॉपचा ठोका, पहाटे सुटणाऱ्या कंपनीच्या बसेस. आणि मराठी. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, इंग्रजी गाणी कानावर आधी पडली. तरी वाटतं की लेथ मशीनवर आणि मेसच्या आमटीवर गाणं लिहायचं तर ते मराठीतच जमेल.

आता त्या गोंगाटाकडे येऊ. ज्यांची परीक्षा आहे त्यांची तक्रार रास्त आहे. म्हणून होस्टेलच्या खोलीत प्रॅक्टिस नकोच. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवूनही काही होत नाही. त्यांनी खोलीतला थोडा घुमारा कमी होतो, बाहेर जाणारा आवाज नाही. त्याला वजनदार भिंत आणि बंद दार लागतं. आपल्या जुन्या वर्कशॉपच्या स्टोअररूमला दोन्ही आहेत. मुलांनी १०० वॉटऐवजी १० वॉटचा अँप घ्यावा. आवाज १० डेसिबलने उतरतो, कानाला साधारण निम्मा वाटतो. शिवाय छोटा व्हॉल्व्ह अँप लवकर क्लिप होतो, म्हणजे हवा तो आवाज आयताच मिळतो!

म्हणून रेक्टर सरांना आणि स्टाफला एकच विनंती. आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी पाच ते सात, ती खोली द्या. सबमिशनच्या आठवड्यात कुलूप लावा, चालेल. आणि मित्रांनो, तुमच्याकडून एकच अपेक्षा. खोली मिळाली तर गॅदरिंगनंतरही या. बँड स्टेजवर दिसतो, पण बनतो तो अशा खोलीतच.