कोपरा न बघता क्रँक घेणारे

क्रँकशाफ्ट घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न हल्ली ठरलेला असतो: फोर्ज्ड आहे का? दुसरा प्रश्न किमतीचा. तिसरा नसतोच. इंजिनात सगळ्यात जास्त मार खाणारा भाग या दोन प्रश्नांवर विकत घेतला जातो, हे विकणाऱ्यांनी बरोबर हेरलंय. म्हणून खोक्यावर ठळक अक्षरांत ‘ईएन २४’, ‘बिलेट’, ‘रेस’ छापलेलं असतं. जर्नलची मापं, कडकपणा, बॅलन्सिंगचे आकडे कुठेच नसतात. मी याला फसवणूक म्हणतो. आणि ती चालते, कारण आपण खोकं उघडून बघत नाही.

जिप्सीचंच इंजिन घ्या. कारखान्यातून जिप्सी येणं २०१९ साली थांबलं, तरी रॅलीवाल्या पोरांच्या हातात अजून तीच गाडी दिसते. १.३ लिटर, बोअर ७४ मिलिमीटर, स्ट्रोक ७५.५, एकूण १२९८ सीसी. सोळा व्हॉल्व्हचं असेल तर कंपनीची ८० बीएचपी. कॅम बदलून, हेड घासून, पोरं ते ७००० आरपीएमपर्यंत नेतात. या क्रँकची रॉडची पिन ४२ मिलिमीटरची. कंपनीचं मॅन्युअल सांगतं, ४१.९८२ ते ४२.०००. म्हणजे १८ मायक्रॉनच्या आत बसायचं. पिन लांबीत निमुळती किंवा अंडाकृती झाली असेल तर ०.०१ मिलिमीटरच्या पुढे चालत नाही. मधल्या मेन जर्नलवर डायल लावून फिरवल्यावर ०.०६ च्या वर काटा हलला तर क्रँक वाकलाय. ही तीन मापं घ्यायला एक मायक्रोमीटर, एक डायल आणि दोन व्ही-ब्लॉक लागतात. कुठल्याही बऱ्या मशीन शॉपमध्ये ही हत्यारं पडलेली असतात. वापरायची इच्छा नसते, एवढंच.

मागे एक तरुण रॅलीचं इंजिन बांधायला नवा क्रँक घेऊन आला. लाकडी पेटी, तेलकट कागद, वर धातूच्या नावाचं स्टिकर, सगळं व्यवस्थित. रॉकेलच्या फडक्यानं पुसून टॉर्च मारला आणि मी आधी पिनच्या अंगाला नाही, पिन जिथे वेबला, म्हणजे तिच्या शेजारच्या जाड हाताला, मिळते त्या कोपऱ्याकडे बघितलं. तिथे गोल उतार हवा. दुसऱ्या पिनला तो एका बाजूनं जवळजवळ काटकोनात तोडला होता. रेडियस गेज ठेवला तर खालून उजेड दिसत होता आणि नख फिरवलं की अडकत होतं. तेलाच्या भोकांच्या कडा बोटाला लागतील इतक्या धारदार. गॅलरीचा प्लग काढून तारेला कापड बांधून ओढलं, तर लोखंडाचा बारीक कीस बाहेर आला. तो कीस पहिल्या स्टार्टला थेट बेअरिंगच्या मेटलमध्ये रुतला असता. विक्रेत्याला फोन लावला, मापांचा रिपोर्ट मागितला. “सगळे असाच घेऊन जातात,” हे त्याचं उत्तर.

त्या कोपऱ्याचा मला एवढा राग का? क्रँक एका फटक्यात क्वचितच तुटतो. प्रत्येक स्फोटाला पिन किंचित वाकते आणि परत येते. त्या वाकण्याचा सगळा ताण पिन आणि वेबच्या सांध्यात गोळा होतो. गोलाई मोठी असेल तर ताण पसरतो. कोपरा तीक्ष्ण असेल तर एकाच रेषेवर साठतो, तिथे केसासारखी चीर पडते आणि ती आत सरकत जाते. म्हणून चांगले कारखाने तिथे रोलर दाबून पृष्ठभाग घट्ट करतात. हे काम कुठल्याही स्टिकरवर दिसत नाही. भारी मिश्रधातूचा क्रँक तीक्ष्ण कोपऱ्यासह घेण्यापेक्षा साधा, गोलाई शाबूत असलेला क्रँक मी डोळे झाकून घेईन. उलटंही सांगून ठेवतो: मोठ्या गोलाईचा रेसिंग क्रँक आणला तर बेअरिंगच्या कडाही तशाच उतरत्या हव्यात, नाहीतर मेटलची कड त्या गोलाईवर चढून घासते.

आता ग्राइंडिंगवाल्यांबद्दल. क्रँक गेला की ‘दहा करू, वीस करू’ ही भाषा सुरू होते. दहा म्हणजे ०.२५ मिलिमीटर, प्रत्येक बाजूनं ०.१२५. ज्या क्रँकला नायट्रायडिंग केलेलं असतं त्याचा कडक थर मिलिमीटरच्या काही दशांशांइतकाच असतो आणि वरचा सगळ्यात कडक पापुद्रा तर काही मायक्रॉनचाच. दहा केलं की तो पापुद्रा गेला. पुन्हा नायट्रायडिंग करून घ्यायचं सांगणारा ग्राइंडर भेटणं दुर्मीळ. इंडक्शन हार्डनिंगचा थर खोल जातो, तिथे दहा-वीस चालतं. समोरचा क्रँक कुठल्या जातीचा, हे न विचारता जो व्हील लावतो त्याच्याकडे रेसचं काम देऊ नये. घाईत व्हील दाबलं की पृष्ठभाग भाजतो आणि चिरा पडतात. नुसत्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत, मॅग्नेटिक क्रॅक टेस्ट करावी लागते. तिचा खर्च एका चांगल्या टायरपेक्षा कितीतरी कमी. तरी पोरं टायरवर हात सैल सोडतात आणि इथे आखडतात. वेल्डिंगनं भरून पुन्हा घासलेला क्रँक तर रेसच्या इंजिनात मी बसवतच नाही. संथ चालणाऱ्या पंपाच्या इंजिनाला तो चालेल.

बॅलन्सिंगचं गणित कागदावर मांडून बघा. केंद्रापासून ४० मिलिमीटरवर फक्त १० ग्रॅम जास्त असतील, तर ७००० आरपीएमला ते सुमारे २२ किलोच्या जोरानं बाहेर ओढतात. ३५०० ला हाच जोर साडेपाच किलो, कारण वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. म्हणून गावात फिरताना गुळगुळीत वाटलेलं इंजिन रॅलीच्या स्टेजवर मेन बेअरिंग खाऊन टाकतं. फ्लायव्हील, पुली, क्लचची प्रेशर प्लेट सगळं क्रँकसोबतच बॅलन्सिंगला गेलं पाहिजे. आणि ज्या पुलीत रबराचा डँपर असतो ती काढून ॲल्युमिनियमची हलकी पुली बसवणाऱ्यांनी क्रँक तुटल्यावर धातूला दोष देऊ नये. क्रँकची पीळ खाऊन थरथरण्याची सवय तो रबर मारतो.

फोर्ज्डला माझा विरोध नाही. टर्बो लावून ताकद दुप्पट करणार असाल तर मूळ क्रँकवर विसंबणं मूर्खपणाचं, तिथे चांगलं फोर्जिंगच हवं. पण ते घेताना हीट नंबर, निकेल-क्रोमियम-मॉलिब्डेनमच्या टक्क्यांचं प्रमाणपत्र, कडकपणाचे आकडे मागा. पुण्यात मुंढव्याला भारत फोर्ज १९६१ सालापासून उभी आहे आणि जगभरच्या इंजिनांना क्रँकशाफ्ट पुरवते. फोर्जिंग म्हणजे काय, त्याची कागदपत्रं कशी असतात, हे विचारायला आपल्याला परदेशी जायची गरज नाही. त्या लाइनवर आयुष्य काढलेली माणसं हडपसरपासून चाकणपर्यंत भेटतात. त्यांना एकदा आपला क्रँक दाखवा. ईएन ८ वर ईएन २४ चं स्टिकर असेल, तर स्पेक्ट्रो टेस्ट ते काही मिनिटांत उघडं पाडते.

टर्बोशिवायच्या १.३ ला माझ्या मते अजूनही सगळ्यात चांगला क्रँक म्हणजे कंपनीचाच, स्टँडर्ड साइजचा, कधी न घासलेला. चांगल्या चाललेल्या गाडीतून निघालेला जुना असला तरी चालेल. क्रॅक टेस्ट करा, वाक बघा, गॅलरीचे प्लग काढून धुवा, हलकं पॉलिश करा, बॅलन्स करा. त्या तरुणाला मी हेच करायला लावलं. पेटीतला क्रँक त्यानं परत नेला. विक्रेत्यानं पैसे द्यायला खळखळ केली, पण कोपऱ्याचा फोटो आणि गेजखालचा उजेड दाखवल्यावर दिले.