भिडू मिळेल का?

यंदाचा विषय घरचाच आहे. पुण्यातला माझा भाचा दोन मित्रांबरोबर व्हिडिओ गेम बनवतोय. तिघांची मिळून जेमतेम दीड वर्षाची पुंजी. एकट्याने गड चढायचा गेम आहे. आता ऑनलाइन खेळायची सोय घालावी का, असं त्याने मला विचारलं. मी सर्व्हर सांभाळणारा माणूस, त्यामुळे उत्तर हिशेबातूनच दिलं.

पहिला हिशेब अंतराचा. हर्नडन ते पुणे सुमारे १३,००० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे नुसत्या जाण्यायेण्यात ०.१३ सेकंद गेले, प्रत्यक्षात जास्तच. तलवारबाजीत तेवढ्यात डोकं उडतं! लुडोत मात्र कुणाला कळतही नाही. २०२०च्या टाळेबंदीत ‘लुडो किंग’वर आपल्यातले कितीतरी जण आजी-आजोबांबरोबर खेळलेच की.

दुसरा भिडूंचा. पुण्याच्याच सुपरगेमिंगने २०२४ मध्ये ‘इंडस’ आणला. तसल्या गेमला एकेका डावात डझनावारी खेळाडू लागतात, तेही रात्री-अपरात्री. तिघा पोरांनी ते आणायचे कुठून? रिकाम्या पटावर आलेला माणूस पुन्हा फिरकत नाही.

तिसरा भाड्याचा. आपल्या शेजारच्या फेअरफॅक्समधल्या मिथिक कंपनीचा ‘डार्क एज ऑफ कॅमलॉट’ २००१ पासून अजून चालू आहे. जमलं तर असं जमतं. पण त्यांचाच ‘वॉरहॅमर ऑनलाइन’ २००८ मध्ये आला आणि २०१३ च्या डिसेंबरात सर्व्हर बंद झाले. विकत घेतलेली डिस्क कपाटात राहिली, गेम गेला. उलट पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ (२०२०) एकट्याने खेळायचा. त्याला दरमहा सर्व्हर पोसावा लागत नाही.

“आधी गेम काढू, ऑनलाइनचं नंतर बघू,” हेही स्वस्त नाही. दोन यंत्रांचं म्हणणं जुळलं नाही तर खरं कुणाचं, हे पायाभरणीतच ठरवावं लागतं. घर बांधून झाल्यावर पाया बदलायचा म्हणजे अर्धं घर पाडायचं.

म्हणून माझी कसोटी सोपी आहे: दुसरा माणूस काढून टाकला तर मजा उरते का? भाच्याच्या गेममध्ये पुरेपूर उरते. मी सांगितलं, ऑनलाइन नको; फार तर एकाच टीव्हीसमोर दोघांना खेळता येईल असं कर. त्याला पटलं, त्याच्या एका मित्राला अजून नाही. पैसे तिघांचे आहेत, तेव्हा शेवटचा शब्दही तिघांचाच.

तुमच्या घरातल्या तज्ज्ञ पोरांचं मत काय? मंडळाच्या फराळाला भेटू तेव्हा जरूर सांगा.